अठरा घरं आणि एक बल्ब

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
३ सप्टेंबर १९८०

ती. आबा आणि आईस,
सविनय जयभीम.

पोचले! तार मिळाली असेलच, पण तारेत काय मावतं? गेले बारा दिवस मी तोंडाचा आ वासून हिंडते आहे. रूथबाईंच्या घरी राहते. सकाळी म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्सचं काम, नंतर घरच्या मुलीसारखं राहायचं. मेनोनाइट नावाच्या यांच्या ख्रिस्ती पंथाचं चर्च दरवर्षी लांबच्या देशांतून चारदोन मुलंमुली अशी वर्षभरासाठी बोलावून घेतं.

मला इथे धाडणाऱ्या नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला होता, आठवतं? दाढीवाला माणूस, काळी टोपी, घोड्याची बग्गी. मी समजले, सगळे तसेच. वीज नसणार, म्हणून काड्यापेट्यांचा पुडा बांधून आणला! विमानतळावर रूथबाई आल्या त्या पॅन्ट घालून, लाल मोटार घेऊन. घरात रंगीत टीव्ही आणि भांडी धुवायचं यंत्र. काड्यापेट्या मी बॅगेच्या तळाशी लपवल्या.

पण गंमत पुढेच आहे. रूथबाईंच्या सासूबाईसुद्धा मेनोनाइट, पण वेगळ्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या वेगळ्या गटातल्या. त्यांना मोटार चालते, मात्र काळीच हवी, आणि पुढच्या चकचकीत बंपरलाही काळा रंग फासायचा. मिरवायला नको, म्हणून. पलीकडचे शेजारी, तेही मेनोनाइट! घरात वीज आहे, फोन आहे, पण मोटार नाही. बाहेर जायचं तर घोड्याची काळी बग्गी नाहीतर सायकल. शेतात ट्रॅक्टर आहे, पण चाकं लोखंडाची. रबरी टायर लावले तर पोरं ट्रॅक्टर घेऊन गावभर उंडारतील म्हणे. तो ट्रॅक्टर रस्त्यावर आला की कपाटातल्या कपबशा वाजतात.

आणि मग आमिश. ते या मेनोनाइटांचे चुलत म्हणा. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी, युरोपात असतानाच, भांडून वेगळे झाले. यांची बग्गी करडी, सायकल चालत नाही, आणि घरात वीज नाही. आबा, मोठ्या तारा त्यांच्या शेतावरून जातात आणि घराकडे वळतच नाहीत. संध्याकाळी गॅसच्या एका बत्तीभोवती सगळं घर बसतं. ते बघून मला वस्तीवरच्या शकुआत्याचं अंगण आणि तिचा कंदील आठवला.

आईला सांगा, भात मिळतो. मिरची संपत आली.

तुमची,
विशाखा


एकलहरे कॉलनी, नाशिक रोड
२३ सप्टेंबर १९८०

चि. विशाखा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणते, सून पॅन्ट घालते तर सासू काय म्हणते ते विचार. ते तू सावकाश विचार. माझं डोकं मात्र तुझ्या शेवटच्या ओळींनी फिरलं.

तारा शेतावरून जातात आणि घराकडे वळत नाहीत! अगं, हे तू मला सांगतेस? इगतपुरीकडच्या आपल्या गावात बासष्ट साली लाइट आली तेव्हा खांब मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबले. आपली वस्ती तिथून दोनशे पावलं. तुझ्या सहादू आज्याने तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही. मी दहा वर्षं इथे वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसून निम्म्या जिल्ह्याला वीज जाताना बघतो, आणि माझी सख्खी बहीण अजून रॉकेल जाळते. मला वाटायचं, हे आपल्याकडेच. म्हणजे अमेरिकेतही तेच! या लोकांना खालचं मानतात का? घरं गावाबाहेर आहेत का? पाणवठा वेगळा आहे का? सगळं नीट लिही.

त्या लोकांना वीज मिळावी म्हणून तिथल्या वीज कंपनीच्या नावे सोबत अर्ज जोडला आहे. द्वारका चौकाजवळच्या टायपिंगवाल्या यादवकडून इंग्रजीत दोन प्रती करून घेतल्या. 'रिस्पेक्टेड सर'पासून 'युवर्स ओबिडियंटली'पर्यंत सगळं रीतसर आहे. कुटुंबांचा आकडा आणि सह्या तेवढ्या तू घे. भिऊ नकोस, तू पाहुणी आहेस, तुला कोण काय करणार?

आता खुशखबर, बसून वाच. आपल्या वस्तीवर लाइट येणार! धरणाकडच्या पंपासाठी नवी लाइन निघाली आहे. इंजिनियर भला माणूस आहे. म्हणाला, अठराही घरांच्या सह्या द्या, लाइन वस्तीतून वळवून घेतो, मार्च सरायच्या आत दिवे लागतील. वळणाचा खांब तुझ्या शकुआत्याच्या अंगणात येतो, कारण बाकी सगळीकडे ओढा नाहीतर खडक. सतरा सह्या झाल्या. आत्याची राहिली आहे, ती होऊन जाईल.

मिरची पाठवता येते का ते पोस्टात विचारतो.

तुझे आबा,
कोंडाजी सहादू पगारे


लँकेस्टर
१४ ऑक्टोबर १९८०

ती. आबांना,
सविनय जयभीम.

आबा, तुमचा अर्ज वाचून मी आधी पोट धरून हसले. मग रूथबाईंना वाचून दाखवला, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

आता तुम्ही खुर्चीत नीट बसा. या लोकांना वीज कोणीही नाकारलेली नाही. कंपनी द्यायला तयार आहे, तार दाराशी आहे. हेच नको म्हणतात! यांची स्वतःची शेतं आहेत, ऐंशी ऐंशी एकरांची. पाणवठा वेगळा नाही, कोणी खालचं मानत नाही, उलट लोक त्यांच्याकडचं लोणी शोधत येतात.

तरी मी अर्ज घेऊन लिझीआजीकडे गेलेच. आश्रमातल्या एका म्हातारीची ही आमिश बहीण, मी शनिवारी तिच्याकडे जाते. बत्तीखाली चष्मा लावून तिने अख्खा अर्ज वाचला, 'ओबिडियंटली'सकट. म्हणाली, "तुझ्या वडिलांनी आम्हाला न बघता हे लिहिलं?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "आम्हाला बघून हसणारे रोज भेटतात. आमच्यासाठी रागावलेला माणूस पहिलाच." तुमचा अर्ज तिने भिंतीवरच्या घड्याळामागे जपून ठेवला आहे. परत मागितला, दिला नाही.

आणि वीज नको म्हणजे सगळंच नको, असंही नाही हं. दूध थंड करायला गोठ्यात डिझेल इंजिन धडधडतं. फ्रीज आहे, गॅसवरचा. फोनसुद्धा आहे! पण घरात नाही, शेताच्या कडेला लाकडी खोपट्यात, सहा घरांत मिळून एक. घरात फोन आला की माणूस माणसाकडे जायचं सोडतो, म्हणून फोन हवा, पण दारापासून लांब.

मला वाटलं, आता आमिश कळले. मागच्या शनिवारी रूथबाईंनी डोंगरांपलीकडच्या एका खोऱ्यात नेलं, आणि मी पुन्हा शून्यावर! एकाच खोऱ्यात तीन तऱ्हेचे आमिश. एकांची बग्गी पांढरी, दुसऱ्यांची हळदीसारखी पिवळी, तिसऱ्यांची काळी. पांढरीवाल्यांच्या खिडक्यांना पडदे नाहीत. पिवळीवाल्यांच्या विजारीला एकच पट्टा, एका खांद्यावरून तिरका. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून "पिवळी! पांढरी!" असं लहान पोरीसारखी ओरडत होते. रूथबाई म्हणाल्या, त्यांनाही सगळ्या मंडळ्या अजून मोजता आलेल्या नाहीत.

आत्याची सही झाली का? तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत, म्हणून विचारते.

तुमची,
विशाखा


एकलहरे
४ नोव्हेंबर १९८०

चि. विशाखा हिस,
अनेक आशीर्वाद.

नको म्हणतात! तार दाराशी, आणि नको म्हणतात! कंट्रोल रूममध्ये मोतीरामला सांगितलं तर तो म्हणाला, कोंडाजीराव, पोरगी तुमची चेष्टा करते. तुझी आई म्हणते, त्यांना एक उन्हाळा इथे पाठवा, पंख्याशिवाय. मला तर रात्रपाळीत दुसरं काही सुचेना. न मिळणं मला माहीत आहे, जन्मापासून. मिळत असताना नको म्हणणं हे कोणत्या कप्प्यात ठेवायचं?

अर्ज घड्याळामागे ठेवला हे वाचून मात्र बरं वाटलं. माझ्या बापाचे तीन अर्ज कोणत्या कपाटात गेले कोण जाणे. एक तरी कोणी जपला.

आता तू विचारलंच आहेस, तर लपवत नाही. आत्या सही देत नाही. ऑगस्टमध्ये तू गेलीस तेव्हापासून नाही म्हणते. तू परक्या देशात, कशाला घोर लावायचा, म्हणून लिहिलं नाही. मी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा मी ओरडलो, वस्तीसमोर. ती सुपात नागली पाखडत बसली होती, वर बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "तुझी लाइट तुला ऱ्हाऊ दे."

इंजिनियरने एकतीस डिसेंबरची मुदत दिली आहे. सही नसेल तर लाइन सरळ पंपाकडे जाईल, आणि मग आपल्या हयातीत ती वळायची नाही. सतरा घरं तिच्यावर दात खाऊन आहेत. शेजारच्या पुंजाची सून तर तिच्याशी बोलत नाही. तुझ्या त्या लिझीआजीचं वारं सात समुद्र ओलांडून हिला लागलं की काय?

खरं सांगतो, माझ्या मनात असंही आलं, की रेशनकार्डाचा कागद आहे म्हणावं आणि अंगठा घेऊन मोकळं व्हावं. तिला वाचता कुठे येतं? दिवे लागले की तीच हसेल.

तुझे आबा


लँकेस्टर
२१ नोव्हेंबर १९८०

ती. आबांना,
सविनय जयभीम.

आबा, तुमच्या पाया पडते, अंगठा असा घेऊ नका. मारुतीच्या देवळापाशी खांब थांबवणाऱ्यांनी आपल्याला विचारलं नव्हतं. आता आपण आत्याला फसवून तिच्या अंगणात खांब रोवायचा? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय? रागावलात तरी चालेल, पण हे पत्र फाडू नका, पुढे वाचा.

इथे आमिश वर्षातून दोनदा सभा भरवतात. काय घ्यायचं, काय नाही, ते सगळं मांडतात आणि मग एकेकाला विचारतात: तू राजी आहेस का? बायकांनाही. कोणी अडला तर घाई करत नाहीत, त्याच्या घरी जाऊन बसतात. म्हणून तर एका मंडळीची बग्गी पिवळी आणि दुसरीची पांढरी. ज्यांचं जे ठरलं ते.

सगळं गोडच आहे असं समजू नका. जो ऐकतच नाही, त्याला तोडतात, त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवतसुद्धा नाहीत. लिझीआजीच्या सख्ख्या भावाने मोटार घेतली आणि तो दुसऱ्या मंडळीत गेला. चार मैलांवर राहतो, पण तेवीस वर्षं दोघं एका टेबलावर जेवलेली नाहीत. हे सांगताना सफरचंदं सोलणारे तिचे हात थांबले. मला तेव्हा तुम्ही आणि आत्या दिसलात, आणि खरंच भीती वाटली.

तिने मला एकच विचारलं. "तुझ्या आत्याला दिवा नको आहे, की दिव्याबरोबर येणारं काही नको आहे?" आबा, तुम्ही आत्याकडे तीनदा सही मागितलीत. का नको, हे एकदा तरी विचारलंत?

सुट्टी टाका. जा, आणि ओरडू नका.

तुमची,
विशाखा


मु. वस्ती, ता. इगतपुरी
१४ डिसेंबर १९८०

विशे,

मी तुझी आत्या, शकुबाय. मी सांगते आन् कोंड्या लिव्हतो. मी म्हनले हाय त्याला, मी बोलंल तसंच लिव्ह, तुझं शहानपन मधी घालू नको. (लिहितो आहे. आबा.)

तुझा बाप काल आला. येऊन ओट्यावर बसला. ना सही, ना कागद. म्हनला, "आक्का, तुला लाइट का नको?" मला हसूच आलं. म्हनलं, चार म्हैने झाले, आज सुचलं व्हय रं तुला?

तर आईक. आमच्या वस्तीला रॉकेल लय कमी मिळतं. अठरा घरांनी अठरा चिमन्या लावल्या तर आठ दिसांत खडखडाट. म्हनून सांजच्याला समदे आपापलं पळीभर रॉकेल माझ्या कंदिलात वततात आन् माझ्या अंगनात बसतात. बाया नागली निवडतात, पोरं आभ्यास करतात, भांडनं बी तिथंच व्हतात आन् मिटतात बी तिथंच. मला ना मूल ना बाळ. सांजच्याला मला अठरा घरं असतात. उद्या घरोघरी बटन दाबलं की माझ्या अंगनात कोन येईल? खांब तेवढा येईल.

आन् आजून येक. तुझी आजी गेली तवा कोंड्या पाच वर्साचा. म्या वाढवला. ह्याच अंगनात, ह्याच कंदिलापाशी बसून मॅट्रिक झाला. मंग लाइट करायला गेला त्यो गेलाच. येतो, च्या पितो, सांजच्या गाडीनं परत जातो. म्हनतो, आक्का, पंख्याबिगर झोप येत नाय. दहा वर्सांत येक रात ऱ्हायला नाय. आता तूच सांग विशे, लाइटीनं मला काय दिलं? माझा भाऊ नेला. मंग मी तिला अंगनात कशी घेऊ?

(विशाखा, इथे मी लिहायचा थांबलो होतो. आक्का म्हणाली, "लिव्ह, हे बी लिव्ह." आबा.)

तर काल तुझा बाप ऱ्हायला. डास चावले त्याला, चावू दे. सांजच्याला समद्यांना बसवलं आन् म्या माझं म्हननं सांगितलं. पयला बल्ब माझ्या अंगनात लागंल. मंग घराघरात लावा, माझी ना नाय. पर रोज सांजंला सात ते आठ घरातले दिवे बंद आन् अंगनातला येकच चालू. आन् कोंड्यानं म्हैन्यातून दोन राती हितं ऱ्हायाचं. तुझ्या बापानं येकेकाला नाव घेऊन इचारलं. पुंजाच्या सुनंला बी इचारलं. ती म्हनली, "आत्याबाय, आभ्यास तर पोरांचा हितंच व्हतो, घरी कोन बसतंय!" अठराच्या अठरा राजी.

कागदाला अंगठा दिला. तसलाच ह्या पत्राला बी देते. कोंड्यानं सांगितली त्या तिकडल्या म्हातारीला दाखव, आन् तिला म्हनावं, भावाला येकदा तूच जेवाया बोलव. मानूस मोठं असंल त्यानं बोलवावं.

(अंगठा: शकुबाई)


लँकेस्टर
५ जानेवारी १९८१

ती. आबा, आई आणि लाडक्या आत्याला,
सविनय जयभीम!

पत्र हातात आलं तेव्हा मी आश्रमाच्या दारात उभी होते. तिथेच बर्फात नाचले. एक आजोबा खिडकीतून बघत होते, त्यांना वाटलं, पोरीला वेड लागलं!

आत्या, शनिवारी तुझं पत्र लिझीआजीला ओळ न ओळ सांगितलं. सात ते आठचा नियम ऐकून तिने टाळी वाजवली. म्हणाली, "हे आमच्या सभेत कोणाला सुचलं नसतं!" मग तुझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. तुझा मोठा आहे.

भावाबद्दल तू सांगितलेलं ऐकून ती उठून कामाला लागली. मला वाटलं, मी चुकले. पण निघताना तिने शेताच्या कडेपर्यंत सोबत केली आणि फोनच्या खोपट्यापाशी थांबली. म्हणाली, एका टेबलावर जेवायचं नाही हा नियम आहे, तो मोडता येणार नाही. पण दोन टेबलं शेजारी शेजारी लावायला नियम आडवा येत नाही. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बर्फात वाट बघत उभी राहिले. बाहेर आली तेव्हा नाक पुसत होती. भाऊ पुढच्या रविवारी येतो म्हणाला!

आबा, डासांसाठी कडुलिंबाचा पाला जाळा.

तुमची,
विशाखा


एकलहरे
१८ मार्च १९८१

चि. विशाखा हिस,
अनेक आशीर्वाद.

लागला! नऊ मार्चला, संध्याकाळी पावणेसातला! इंजिनियरने विचारलं होतं, कोंडाजीराव, लाइन चालू होताना कंट्रोल रूममध्ये थांबता का, तुमचाच मान आहे. एरवी मी या मानासाठी जीव टाकला असता. पण म्हटलं, नाही साहेब, मला अंगणात पोचायचं आहे.

तुझी आई, मी, अठरा घरं, सगळे खांबाभोवती. आक्काने आधी कंदील लावला. म्हणाली, "जुन्याला न सांगता नव्याला कसं घ्यायचं?" मग तिने बटन दाबलं. बल्ब साठ वॅटचा. पोरांनी एकच गलका केला, पुंजाच्या घरची म्हैस दावं तोडून पळाली, निम्मी वस्ती तिच्यामागे. आक्का मात्र बल्बकडे बघेना, माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "काळा पडलास रं तू. कंदिलात दिसत नव्हतं." विशाखा, मी एवढा बाप्या, सगळ्यांसमोर रडलो. त्या रात्री राहिलो. तिच्या घरात आता पंखा बसवता येतो. मी बसवायचा नाही असं ठरवलं आहे. म्हणजे पंख्यासाठी राहिलो असं ती म्हणायची नाही.

तुझ्या लिझीआजीला माझा जयभीम सांग. अर्ज तिच्याकडेच राहू दे.

आणखी एक. गेल्या आठवड्यापासून मला दुसरी, संध्याकाळची पाळी आहे. सात वाजले की मी उठून विजेचा भार दाखवणाऱ्या लोडच्या काट्यासमोर जाऊन उभा राहतो. सतरा घरांचे दिवे मालवले जातात आणि एक साठचा बल्ब उरतो, एवढ्याने तो काटा केसभरही हलत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तरी उभा राहतो. काल मोतीरामने विचारलं, "कोंडाजीराव, रोज सातला तिथे काय बघता?"

म्हटलं, "आक्काकडे सगळे जमले का, ते बघतो."

तुझे आबा